परक्या तळ्यात गळ

मासे आवडणाऱ्या मंडळींचे दोन वर्ग असतात. एक मासे खाणाऱ्यांचा आणि दुसरा मासे धरणाऱ्यांचा. पहिल्या वर्गात मी दात आल्यापासून आहे. दुसऱ्या वर्गाकडे मात्र, दाभोळच्या खाडीकाठी लहानपण जाऊनही, मी नेहमी काठावरूनच पाहत आलो. गळ टाकून तासन् तास बसणारा माणूस पाहिला की मला त्याच्या घरच्यांची काळजी वाटायची. त्यामुळे या सदराच्या जुन्या वाचकांना आजचा विषय पाहून हसू आले तर मी रागावणार नाही. विषय आहे गोठलेल्या तळ्यात भोक पाडून खोल पाण्यातला ट्राउट मासा धरण्याचा. आणि तोही अशा तळ्यावर, की जिथे धरणाऱ्याने पूर्वी कधी पाऊल ठेवलेले नाही.

तळ्याचे नाव सिमको. कॅनडातल्या टोरांटो शहराच्या उत्तरेस मोटारीने तासाभराच्या वाटेवर ते आहे. तळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ठाण्याचा मासुंदा, नाहीतर फार तर पवई उभी राहते. सिमकोचा विस्तार सुमारे ७२० चौरस किलोमीटर. सबंध बृहन्मुंबई त्यात ठेवली तरी चारी बाजूंनी पाणी उरेल. पश्चिमेला केम्पेनफेल्ट नावाचा एक चिंचोळा उपसागर त्यातून आत घुसला आहे. तिथे तळ्याचा ठाव सर्वांत खोल, म्हणजे ४१ मीटरांपर्यंत जातो. जॉन ग्रेव्ह्ज सिमको नावाचा गोरा अधिकारी त्या मुलखाचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर होता. त्याने १७९३ साली आपल्या वडिलांचे नाव या पाण्याला दिले. वडील आरमारात कप्तान होते, तळे त्यांनी कधी पाहिले नव्हते. पण तळ्यांना कोण विचारतो!

माझा भाचा टोरांटोत नोकरीला आहे. दोन हिवाळे त्याने घराजवळच्या एका लहानशा तळ्यावर काढले होते आणि बोटभर लांबीचे पर्च मासे धरून ते फोटोत हातभर दिसतील अशी कलाही साधली होती. पण लेक ट्राउट हा त्याच्या मनातला मासा. तो त्या लहान तळ्यात नाही, सिमकोत आहे. मी यंदा फेब्रुवारीत त्याच्याकडे होतो, तेव्हा त्याने बेत ठरवला. चार मित्रांना मासा खायला घालण्याचे वचनही देऊन टाकले. निघायच्या आदल्या रात्री मात्र नकाशा पुढ्यात घेऊन बसला होता तो जरा गंभीर होऊन. म्हणाला, “मामा, माझं तळं मला पाठ आहे. हे परकं आहे. खाली काय आहे ते आपल्याला दिसणार नाही, आणि वरचं दिसेल ते खरं असेलच असं नाही.”

हे वाक्य मला फार आवडले. परक्या गावात आपण चुकलो तर पाटी वाचतो, पानवाल्याला विचारतो. गोठलेल्या तळ्यावर सगळीकडे एकच पांढरी सपाटी. कुठे बर्फ हातभर जाड आणि कुठे चार बोटे, ते वरून कळत नाही. नदी किंवा ओढा जिथे येऊन मिळतो तिथे खालचे वाहते पाणी बर्फाला आतून खात असते. वर भुसभुशीत हिम साचले तर ते गोधडीसारखे काम करते आणि खालचा बर्फ जाड होऊ देत नाही. निळसर, पारदर्शक बर्फ सर्वांत भक्कम. दुधासारखा पांढरा निम्म्या ताकदीचा. माणसाला चालायला निळा बर्फ निदान १० सेंटिमीटर तरी हवा, पांढरा असेल तर त्याच्या दुप्पट. शिवाय मोठ्या तळ्यावर बर्फाच्या प्रचंड लाद्या थंडीने आणि वाऱ्याने एकमेकींवर रेटल्या जातात आणि मैल-मैल लांबीच्या भेगा पडतात. काल जिथून माणसे गेली, तिथे आज उघडे पाणी असू शकते. हिशेबाची वही रोज नवी उघडावी लागते.

म्हणून भाच्याने केले ते शहाणपणाचे. काठावर बर्फावरची खोपटी भाड्याने देणारे धंदेवाले असतात, त्यांतल्या एका म्हाताऱ्याकडे तो सरळ गेला आणि म्हणाला, “मी इथे नवा आहे, तुम्ही सांगाल तिथे बसतो.” म्हाताऱ्याने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. सत्तरीचा माणूस, भुवयांवर दहिवर गोठलेले. मग त्याने आधी आमच्या दोघांच्या गळ्यात दोरीने जोडलेले दोन टोकदार खिळे अडकवले. लाकडी मुठीचे हे खिळे कशासाठी, तर बर्फ फुटून आत पडलोच, तर ओल्या हातांनी निसरडी कड धरवत नाही. हे खिळे कडेला रोवून पोटावर सरपटत बाहेर यायचे, आणि आलो त्याच दिशेने यायचे, कारण त्या बाजूचा बर्फ आपल्याला इथवर पेलत आला होता एवढे तरी नक्की असते. मंगळसूत्र घालून घेणाऱ्या नवरीच्या गांभीर्याने मी ते खिळे घालून घेतले.

म्हातारा पुढे, आम्ही मागे. त्याच्या हातात चक्क पहार होती, आपल्याकडे खड्डे खणायला असते तशीच. चार पावले चालायचे आणि पहार आपटायची. भक्कम बर्फ ठणठणीत बोलतो, कच्चा बर्फ बदबद आवाज करतो. मधेच तळ्याच्या पोटातून दूरवर तोफ उडावी तसा आवाज आला आणि माझे पाय जागच्या जागी रुतले. म्हातारा हसला. म्हणाला, “तो वाढतोय. गप्प बसला की मी घाबरतो.” बर्फ थंडीने आकसतो, फुगतो आणि तडकतो, त्याचा हा आवाज. ते कळल्यावरही पुढचे शंभर पावले मी तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालावी इतक्या हलक्या पायाने चाललो.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या माशाविषयी दोन शब्द. नाव ट्राउट असले तरी हा शास्त्राप्रमाणे चार नावाच्या कुळातला. त्याचे शास्त्रीय नाव साल्व्हेलिनस नामेकुश. त्यातला ‘नामेकुश’ हा शब्द तिथल्या आदिवासींच्या भाषेतून घेतला आहे. अंग करडे-हिरवट, त्यावर फिकट ठिपके, शेपटीला खोल खाच. त्याला थंड पाणी लागते, १० अंशांच्या आसपासचे किंवा त्याहून गार, आणि त्या पाण्यात प्राणवायू भरपूर लागतो. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की तो खोल काळोखात उतरतो. हिवाळ्यात मात्र तळे त्याला सगळे मोकळे असते.

त्याचे कारण पाण्याच्या एका विचित्र गुणात आहे. बहुतेक पदार्थ जितके गार तितके जड होतात. पाणी ४ अंशांपर्यंत जड होत जाते आणि तिथून पुढे गार होताना उलट हलके होते. म्हणून शरद ऋतूत वरचे पाणी गार होऊन खाली बसते, सगळे तळे ढवळून निघते, प्राणवायू तळापर्यंत पोचतो; आणि मग शून्याकडे जाणारे हलके पाणी वर राहून त्याचा बर्फ होतो. तळाशी ४ अंशांचे पाणी तसेच राहते. पाण्याला हा गुण नसता तर तळी खालून वर गोठत आली असती आणि नामेकुशाची जातच उरली नसती.

हा मासा वाढतो अगदी सावकाश. सहा-सात वर्षांचा होईपर्यंत बहुधा वीणही धरत नाही. शरदात खडकाळ उथळावर मादी अंडी सोडते. घरटे नाही, राखण नाही. अंडी दगडांच्या फटींत पडतात आणि बर्फाखाली तीन-चार महिने काढून हिवाळ्याच्या शेवटाला फुटतात. एवढ्यातून जगला तर वीस-पंचवीस वर्षे हा मासा सहज काढतो. उत्तरेच्या थंड तळ्यांत त्याहून किती तरी अधिक. माशाच्या कानात एक लहानसा खडा असतो, त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वळी पडतात. ती मोजून वय काढतात.

खोपटात शेगडी होती, दोन बाकडी होती आणि बर्फात गिरमिटाने पाडलेली दोन भोके. गिरमिट म्हणजे सुताराचेच, पण माणसाच्या कमरेएवढे उंच. खाली २५ मीटर पाणी. म्हाताऱ्याने जागा निवडली होती ती एका बुडालेल्या टेकाडाच्या उतरणीवर. परक्या तळ्यात ट्राउट शोधायचा तर असेच शोधतात: खोल पाण्यातून एकदम वर आलेला उंचवटा, काठाची खोल पाण्यात घुसलेली सोंड, खडकाची कड. लहान मासे अशा जागी घोटाळतात आणि मोठे त्यांच्या मागे येतात. दीड-दोन तास काही हालचाल नाही, तर उठून दुसरीकडे भोक पाडायचे. कारण हा मासा एका जागी ठाण मांडत नाही, गस्त घालतो.

भाच्याजवळ सोनार होता. दागिने घडवणारा नव्हे. हे यंत्र पाण्यात आवाज सोडते आणि प्रतिध्वनीवरून खाली काय आहे ते रंगीत रेघांनी दाखवते. तळ म्हणजे एक जाड तांबडी रेघ, आमिष म्हणजे एक बारीक हिरवी रेघ. शिशाच्या गोळीला पांढऱ्या रबराचे सोंग चढवलेले ते आमिष भाचा हळूहळू उचलून खाली सोडत होता. सकाळचे साडेआठ झाले असतील. तळाच्या रेघेतून एक रेघ सुटी झाली आणि आमिषाकडे वर चढू लागली.

आपल्यासारखा माणूस अशा वेळी हात थांबवील. घास तोंडापर्यंत गेला आहे, खाऊ द्यावा बापडीला. इथे नेमके उलटे. आमिष थांबले की ट्राउटला संशय येतो. पळणाऱ्याच्या मागे लागणे हा त्याचा स्वभाव. म्हाताऱ्याने आम्हाला जाताना एवढेच सांगितले होते: “तो आला की पळा.” भाचा भराभर रीळ गुंडाळू लागला. ती रेघ मागे, आमिषाची रेघ पुढे, वीस मीटर, पंधरा मीटर, बारा. मग काठी एकदम वाकली आणि भाच्याच्या तोंडून जो शब्द निघाला तो त्याच्या आईसमोर निघाला नसता.

दहा मिनिटे ओढाताण चालली. मासा वर आला की पुन्हा खाली जाई. शेवटी भोकात डोके दिसले. भाच्याने हात घातला, पण मासा पाण्याबाहेर काढला नाही. कारण उणे अठरा अंशांच्या हवेत माशाचे कल्ले आणि डोळे क्षणांत गोठू लागतात, आणि ठेवायचा की सोडायचा हे ठरायच्या आत त्याला बर्फावर टाकणे म्हणजे निकालाआधी शिक्षा. मासा चांगला पाऊण हाताहून मोठा. माझ्या तोंडाला, खोटे कशाला सांगू, पाणी सुटले. हळद-तिखट-मीठ आणि आगळ लावून रव्यात घोळवायचा की खोबऱ्याचे वाटण करायचे, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता.

तेवढ्यात म्हातारा आपल्या बर्फावरच्या फटफटीवरून फेरी मारत आला. दारातून वाकून म्हणाला, “पर दाखवा.” भाच्याने मासा पाण्यातच कुशीवर केला. पाठीवरचे, पोटाखालचे, शेपटीजवळचे, सगळे पर शाबूत. म्हातारा काही वेळ बोलला नाही.

त्याचे न बोलणे समजायला थोडे मागे जायला हवे. या तळ्याच्या काठी शहरे वाढली. दक्षिणेला दलदल निचरून हॉलंड मार्श नावाची गाजर-कांद्यांची सुपीक शेती उभी राहिली. सांडपाण्यातून आणि खतांतून स्फुरद तळ्यात येऊ लागले. स्फुरदावर शेवाळ माजते, मरते, खाली बसते आणि कुजताना खोल पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. उन्हाळ्याच्या अखेरीस या माशाची अवस्था अशी झाली की वर पाणी कोमट आणि खाली श्वास नाही. मोठे मासे कसेबसे तगले, पिल्ले तगेनात. १९६० च्या दशकापासून सिमकोत ट्राउटची नैसर्गिक पैदास जवळजवळ बंद पडली. तेव्हापासून सरकारी खाते हॅचरीत पिल्ले वाढवून तळ्यात सोडत आले. सोडताना प्रत्येकाचा एखादा पर कापतात, म्हणजे पुढे ओळखता यावा. कापलेला पर म्हणजे माणसाने सोडलेला मासा. सगळे पर शाबूत म्हणजे तळ्याने स्वतः वाढवलेला.

म्हातारा म्हणाला, “माझ्या उमेदीच्या काळात मी शेकडो मासे वर काढलेले पाहिले. सगळ्यांचे पर कापलेले. आम्हाला वाटे, तळं आता वांझच राहणार.” मग भाच्याकडे पाहून म्हणाला, “कायद्याने हा मासा तुम्ही घेऊ शकता. मी काही म्हणणार नाही.” आणि फटफटीकडे वळून उगीच काहीतरी पाहू लागला.

भाचा गुडघ्यांवर बसलेला होता. दोन वर्षे ज्याची वाट पाहिली तो मासा त्याच्या ओल्या तळहातात होता. चार मित्रांना दिलेले वचन होते, आणि समोर बाकड्यावर फोडणीचा विचार करणारा मामा होता. कायदा त्याच्या बाजूला, म्हातारा गप्प. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “तुझा गळ, तुझा मासा. माझ्याकडे बघून ठरवू नकोस.” मग त्याने गरी सोडवली आणि माशाला भोकात तोंड खाली करून धरले. मासा जरा थांबला. या जातीला पोटातली हवा तोंडावाटे बाहेर टाकता येते, म्हणून खोल पाण्यातून वर आला तरी तो परत जाऊ शकतो. दोन-चार बुडबुडे आले, शेपटीचा एक फटकारा बसून आमच्या तोंडावर गार पाणी उडाले आणि भोक पुन्हा काळे झाले. माझ्या पोटात कालवणाऐवजी कालवाकालव झाली. पण भाचा वाईट दिसत नव्हता.

अकराच्या सुमारास दुसरा लागला, पहिल्याच्या निम्मा. त्याचा पोटाखालचा एक पर कापलेला होता. तो आम्ही घेतला. मोठ्या, म्हाताऱ्या ट्राउटच्या अंगात पारा साचत जातो, म्हणून तिथले सरकार कोणत्या तळ्यातला किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा याचे कोष्टकच छापते. त्या हिशेबाने ताटात लहान मासाच बरा. मांस फिकट गुलाबी, तेलकट, रावसाच्या जवळ जाणारे. चार मित्र आणि एक मामा यांना तुकडा-तुकडा आला. जास्त आला असता तर मी नको म्हटले नसते.

सिमकोच्या दैवाची चाके पुन्हा फिरली ती आपोआप फिरलेली नाहीत. ओंटारिओच्या विधिमंडळाने २००८ साली एकट्या या तळ्यासाठी कायदा केला आणि २००९ मध्ये आराखडा आला. त्यात दोन आकडे मुख्य आहेत: खोल पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅम प्राणवायू राहावा, आणि तळ्यात वर्षाला ४४ टनांहून अधिक स्फुरद येऊ नये. दोन्ही आकडे त्या माशाच्या श्वासावरून काढलेले आहेत. गटारे, शेते, अंगणातली हिरवळ, सगळ्यांचा हिशेब त्यात धरला आहे. बिनकापल्या परांचे मासे पुन्हा गळाला लागू लागले आहेत, ही त्या खटाटोपाची पावती.

पण दुसरीकडून नवीन चिंता आहे. बर्फच भरवशाचा राहिलेला नाही. २०२३-२४ च्या हिवाळ्यात तर शेजारच्या महासरोवरांवरही फारच थोडा बर्फ धरला. हौशी गळवाल्याचा त्यात एक रविवार बुडतो. सिमकोतल्या जॉर्जिना बेटावर मात्र चिप्पेवा लोकांची वस्ती आहे. फेरीबोट चालत नाही तेव्हा काठावर येण्यासाठी त्यांना बर्फाचाच आधार. होडीला जाड आणि पावलांना पातळ असा बर्फ जितके दिवस राहील, तितके दिवस त्यांच्या जिवाला घोर.

त्या लोकांच्या पूर्वजांचे आणि या पाण्याचे नाते जुने आहे. तळ्याच्या उत्तर टोकाला, जिथे सिमकोचे पाणी एका अरुंद खिंडीतून कुचिचिंग तळ्यात जाते, तिथे पाण्याच्या तळाशी लाकडी खुंटांच्या रांगा सापडल्या आहेत. त्यांतले सर्वांत जुने पाच हजार वर्षांच्या आसपासचे. मासे अडवायला ठोकलेले हे खुंट, आपल्या खाडीत डोल लावायला ठोकतात त्यांचे पणजोबा. पाण्यात उभी झाडे या अर्थाचा मोहॉक भाषेतला एक शब्द त्या खिंडीला होता. तोच फिरत-फिरत दक्षिणेला गेला आणि टोरांटो झाला. एवढ्या मोठ्या नगराचे नाव मुळात मासे धरायच्या जागेचे आहे, हे मला तरी फार समाधानाचे वाटते. पाच हजार वर्षे तिथे मासे अडवले गेले आणि तळे ओस पडले नाही; ते ओस पडायची वेळ आली ती गेल्या शे-दीडशे वर्षांत, तीही गळाने नव्हे, काठावरून उतरलेल्या पाण्याने.

ज्या वाचकांची मुले-बाळे तिकडे आहेत, त्यांना हिवाळ्यात असे बोलावणे येईल. जरूर जावे. पण तळे परके असेल तर आधी काठावरच्या माणसाला विचारावे, खिळे गळ्यात घालावेत आणि पहारेचा आवाज ऐकावा. आणि ज्यांना जायचे नाही, त्यांना हीच गोष्ट घरबसल्या पाहायची सोय आपल्याकडेही आहे. पवईवर किंवा कोल्हापूरच्या रंकाळ्यावर जलपर्णीची हिरवीगार शाल पसरलेली दिसली की लोक म्हणतात, काय छान हिरवे आहे! ती हिरवळ सांडपाण्यातल्या त्याच स्फुरदावर पोसते आणि खालच्या माशाचा श्वास तसाच कोंडते. त्या पाण्यात नामेकुश नाही, रोहू-कटला आहेत; पर कापून ओळखायची पद्धत नाही, आणि पर दाखवा म्हणणारा म्हाताराही दारात उभा नाही. तेव्हा पाहायचे ते आपणच पाहायला हवे.